बॉस्टनहून एका दिवसात व्हाइट माउंटन्सचे फॉल कलर्स: कसं आखावं?

जाईजुई | ८ सप्टेंबर, रात्री ९:४०

सासूबाई-सासरे भारतातून आलेत, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात परत जातील. त्याआधी त्यांना न्यू हॅम्पशरचे फॉल कलर्स दाखवायचेत. मुक्काम नकोय, सकाळी निघून रात्री घरी. आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला राहतो. माणसं पाच, त्यात दहा वर्षांची लेक. बाबांचा गुडघा दुखतो. सपाटीवर मैलभर आरामात चालतात, पायऱ्या मात्र नको म्हणतात.

मनातली यादी: कँकामॅगस हायवे (सगळे 'कँक' म्हणतात तो), फ्लूम गॉर्ज, आर्टिस्ट्स ब्लफ, माउंट वॉशिंग्टन, एखादा कव्हर्ड ब्रिज (छप्पर असलेला जुना लाकडी पूल), नॉर्थ कॉन्वेची ट्रेन. कोलंबस डेच्या लाँग वीकेंडला सगळ्यांना सुट्टी आहे, तेव्हा जावं का? रंग तेव्हा असतील का? जाणकारांनी सांगा.

घाटवळण | ८ सप्टेंबर, रात्री १०:१५

रात्र थोडी, सोंगं फार! आधी वेळेचा हिशोब मांडा. बॉस्टन ते लिंकन (कँकचं पश्चिमेचं टोक) १३० मैल, आय-९३ महामार्ग मोकळा मिळाला तर सव्वादोन तास. जाऊन-येऊन साडेचार तास तिथेच गेले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिकडे पावणेसातच्या सुमारास उजाडतं आणि सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो. खोल खोऱ्यांत ऊन त्याच्या बरंच आधी डोंगराआड जातं. हातात उरले आठ तास, त्यातले अडीच तरी पुन्हा गाडीतच.

त्यामुळे यादीवर आत्ताच काट मारा.

माउंट वॉशिंग्टन ६,२८८ फूट उंच. वरच्या भागात झाडंच नाहीत, खडक आणि ढग. ऑटो रोडने जा नाहीतर कॉग रेल्वेने, अर्धा दिवस खर्च. रंग बघायला जिथे पान नाही तिथे कशाला जायचं? लांबून बघा, लांबूनच छान दिसतो.

नॉर्थ कॉन्वेहून क्रॉफर्ड नॉचला (नॉच म्हणजे डोंगरातली खिंड) जाऊन परत येणारी ट्रेन पाचएक तास खाते. ज्येष्ठांसाठी उत्तम, पण तो अख्ख्या दिवसाचा वेगळा कार्यक्रम. फॉलमधली तिकिटं फार आधी संपतात.

आर्टिस्ट्स ब्लफ दिसायला छोटा, पण वाट दगडाधोंड्यांची आणि खडी. गुडघा दुखणाऱ्यांनी उतरताना विशेष जपावं अशी. पार्किंग उजाडता उजाडता भरतं आणि रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाड्या टो होतात.

फ्लूम गॉर्ज सुंदर आहे यात वाद नाही. ग्रॅनाइटच्या ७० ते ९० फुटी उभ्या भिंती आणि मधून लाकडी फळ्यांची वाट. पण फेरा दोन मैलांचा, चढउताराचा, पायऱ्या भरपूर, आणि घळीतली वाट एकदिशा, म्हणजे अर्ध्यातून मागे फिरणं अवघड. वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन घेऊन ठेवलेलं बरं. बाबांना बाहेर बसवून तुम्ही दीड तास आत, असं करायचं असेल तरच ठेवा. (गंमत म्हणजे ही घळ १८०८ साली मासे पकडायला निघालेल्या ९३ वर्षांच्या एका आजींना सापडली असं तिथे सांगतात. बाबांना हे सांगू नका, चिडतील.)

राहिलं काय? कँक, कव्हर्ड ब्रिज जमला तर, आणि परतीला एखादी खिंड. एका दिवसाला तेवढं पुष्कळ.

कुसुंब | ८ सप्टेंबर, रात्री ११:०५

तारखेबद्दल लिहितो, कारण सगळ्यांची गाडी तिथेच अडते.

'पीक (रंगांचा ऐन भर) कधी' याला एक तारीख नसते. रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकतो आणि माथ्याकडून पायथ्याकडे उतरतो. कँकची खिंड २,८५५ फुटांवर, लिंकन आठशेच्या आसपास, कॉन्वे पाचशेच्याही खाली. म्हणजे साडेचौतीस मैलांच्या एका रस्त्यावर दोन हजारांहून जास्त फुटांचा फरक मिळतो. एक दिवसाच्या सहलीला हा रस्ता चांगला तो याच कारणाने. तारीख चार-पाच दिवस चुकली तरी बिघडत नाही, थांबायची उंची बदलायची. लवकर गेलात तर वरच्या ओव्हरलुकवर (दृश्य बघायला रस्त्याकडेला केलेल्या थांब्यावर) जास्त वेळ द्या, उशीर झाला असेल तर वरून सरळ निघून या आणि पूर्वेच्या टोकाला स्विफ्ट नदीच्या काठी रेंगाळा.

सर्वसाधारण वर्षात सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वरचे उतार, क्रॉफर्ड नॉच आणि ब्रेटन वुड्स रंगतात. ऑक्टोबरचा पहिला आठवडा कँकच्या मधल्या पट्ट्याचा. त्यानंतरचा आठवडा कॉन्वे आणि लिंकनच्या खालच्या दऱ्यांचा. कोलंबस डे ऑक्टोबरचा दुसरा सोमवार, म्हणजे ८ ते १४ मध्ये कधीही. तो ८ ला आला तर मजा, १४ ला आला तर वर फांद्या मोकळ्या झालेल्या असू शकतात.

आणखी एक गैरसमज. लोक म्हणतात 'अगदी टॉपला जाऊ, तिथे सगळ्यात भारी असेल.' मेपल, बर्च आणि बीचचं मिश्र जंगल साधारण अडीच हजार फुटांपर्यंतच. त्याच्या वर स्प्रूस आणि फर, बारा महिने गडद हिरवे. खिंडीत उभं राहिलात तर आजूबाजूला हिरवाच रंग जास्त दिसेल. माथ्यावरून खाली बघायचं असतं, माथ्यावर रंग शोधायचा नसतो.

झाडं ओळखता आली तर मजा वाढते. दलदलीतले रेड मेपल सगळ्यात आधी पेटतात, कधी कधी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच. ते बघून 'सुरू झालं, पळा' असं कुणी म्हणालं तर पळू नका. नारिंगी म्हणजे बहुतेक शुगर मेपल, पिवळा म्हणजे बर्च नाहीतर ॲस्पेन, तांबूस तपकिरी म्हणजे बीच. ओक सगळ्यात शेवटी.

चिंचोके | ९ सप्टेंबर, सकाळी ७:३०

कुसुंब, एखाद्या वर्षी लाल जास्त आणि एखाद्या वर्षी नुसतं पिवळं, असं का होतं?

कुसुंब | ९ सप्टेंबर, सकाळी ८:१०

पिवळा आणि नारिंगी पानात उन्हाळाभर असतोच. ती कॅरोटिनॉइड्स. दिवस लहान होत जातात तसं झाड हरितद्रव्य नवं बनवणं थांबवतं, जुनं मोडतं, आणि झाकलेला पिवळा उघडा पडतो. म्हणून पिवळा दरवर्षी भरवशाचा.

लाल मात्र झाड त्या वेळी नव्याने तयार करतं. ते अँथोसायनिन. देठाच्या बुडाशी बुचासारखा थर तयार होऊ लागतो, पानातली साखर बाहेर पडायची वाट अरुंद होते, आणि त्या अडकलेल्या साखरेवर, उन्हात, लाल रंगद्रव्य बनतं. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा, पण कडक हिमतुषार नको, असे आठ-दहा दिवस मिळाले की लाल चढतो. ढगाळ, उबदार, दमट पंधरवडा गेला की पिवळ्यावर भागवावं लागतं. उन्हाळा कोरडा गेला तर पानं कडेने करपतात आणि लवकर गळतात. आणि ऐन भरात एक वादळी पाऊस आला तर रात्रीत मेपल रिकामे होतात. बीच आणि ओक तेव्हाही टिकून असतात, ते मागाहून जाणाऱ्यांचा आधार.

हेच अँथोसायनिन आपल्या सह्याद्रीत मार्चमध्ये कुसुंबाच्या कोवळ्या पालवीला लाल करतं. आपल्याकडे येणारं पान लाल, इथे जाणारं. आईबाबांना गाडीत सांगायला विषय झाला.

जाईजुई | ९ सप्टेंबर, दुपारी १२:२०

किती छान समजावलंत! मग तारीख आधी ठरवूच नये का? सुट्टी टाकायला काहीतरी सांगावं लागेल ना ऑफिसात.

घाटवळण | ९ सप्टेंबर, दुपारी १:०५

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला मंगळ, बुध, गुरू यातला एक दिवस. दोन दिवस 'कदाचित' म्हणून मागून ठेवा आणि आदल्या दोन दिवसांतला हवेचा अंदाज बघून एक पक्का करा. लेकीची एक शाळा बुडेल, बुडू दे.

लाँग वीकेंड म्हणजे हात दाखवून अवलक्षण. दुपारी कँकवर गाड्यांची रांग, ओव्हरलुकला गाडी लावायला जागा नाही, टॉयलेटला वीस माणसं. दुसरा इलाजच नसेल तर त्यातला रविवार निवडा. परतीचा लोंढा त्या आठवड्यात सोमवारी असतो. एरवीच्या वीकेंडला मात्र उलट: शनिवारी जा, कारण रविवारी दुपारनंतर आय-९३ दक्षिणेकडे फ्रँकोनिया नॉचपासूनच तुंबतो. तिथे इंटरस्टेट असूनही एकेरी लेन आहे आणि वेगमर्यादा ४५. पुढे कॉन्कॉर्डजवळ पुन्हा खोळंबा.

नकाशेवाला | ९ सप्टेंबर, रात्री ८:५०

आता रस्ता. बहुतेक जण लिंकनहून कँक धरतात, कॉन्वेला उतरतात, मग नॉर्थ कॉन्वेतून वर जातात आणि रूट १६ वर आउटलेट मॉलच्या गर्दीत तासभर अडकतात. ते टाळायचं. कँकवरून मध्येच उत्तरेला फुटणारा बेअर नॉच रोड आहे, नऊ मैलांचा, थेट बार्टलेटला रूट ३०२ वर उतरतो. दाट झाडीतला रस्ता, वाहतूक कमी, आणि वाटेत दरी दिसणाऱ्या जागाही आहेत. हिवाळ्यात बंद असतो, ऑक्टोबरमध्ये उघडा.

पहाटे ५:४५ ला घर सोडा. हूकसेटचा टोल ओलांडला की लगेच मोठा रेस्ट एरिया आहे, तिथे एकदाच थांबा. टॉयलेट, कॉफी, सगळं तिथेच उरका. आठ-सव्वाआठला लिंकन. पेट्रोल अर्ध्याखाली असेल तर इथे भरा, कारण कँकवर कॉन्वे येईपर्यंत पंप नाही, हॉटेल नाही, आणि बहुतेक भागात फोनला रेंज नाही. ऑफलाइन नकाशा घरूनच उतरवून ठेवा. नेव्हिगेशन लिंकनमध्ये सुरू करून ठेवलं तर चालत राहतं, पण मध्ये गाडी बंद करून नवा पत्ता टाकायला गेलात की अडलात.

लिंकनपासून पाचएक मैलांवर लिंकन वुड्स. पेमिगेवॅसेट नदीच्या पूर्वेकडच्या फाट्यावर झुलता पूल आहे, पार्किंगपासून जवळ. वीस मिनिटं. सकाळी या खोऱ्यात धुकं असतं, घाबरू नका, नऊ-दहापर्यंत उठतं. पुढे चढ लागतो, मोठं केसपिन वळण येतं, त्याच्या जवळ हॅनकॉक ओव्हरलुक, मग पेमी ओव्हरलुक. खाली धुकं आणि वर ऊन असेल तर पेमीला गाडी लावून खुशाल अर्धा तास बसा. तो पश्चिमेकडे बघतो, म्हणून सकाळी सूर्य पाठीशी आणि समोरचे उतार उजळलेले. खिंड ओलांडली की उतार. शुगर हिल ओव्हरलुकला गाडीतून उतरून चार पावलांवर दृश्य, चालायचं नाही. बाबांसाठी हा सगळ्यात सोयीचा.

दहाच्या आत सॅबाडे फॉल्स. पार्किंगपासून धबधब्यापर्यंत अर्ध्या मैलाहूनही कमी, खडीची रुंद वाट, चढ अगदी सौम्य. पायऱ्या फक्त शेवटी, धबधब्याला लागून. बाबा खालच्या डोहापाशी थांबले तरी त्यांना पाणी दिसतं. साडेदहानंतर इथे जागा मिळणं कठीण.

सॅबाडेच्या पुढे दोनएक मैलांवर डावीकडे बेअर नॉच रोडचा फाटा. तो तूर्त सोडा, तसंच पुढे साडेतीन मैल रॉकी गॉर्जला जा, तिथे जेवा. स्विफ्ट नदी खडकाच्या चिरेतून घुसते आणि वर पादचारी पूल आहे. ऑल्बनी कव्हर्ड ब्रिज तिथून अजून तीन मैल पुढे, १८५८ चा, लाकडी. तो बघून माघारी फाट्याला या. सहा-साडेसहा मैलांची उलटी फेरी होते, पण नॉर्थ कॉन्वेपेक्षा शंभर पटीने बरी.

मग बेअर नॉच, बार्टलेट, रूट ३०२ ने डावीकडे पश्चिमेला. क्रॉफर्ड नॉचमध्ये दोन्ही बाजूंनी डोंगर अंगावर येतात. सिल्व्हर कॅस्केड धबधबा तर रस्त्याला लागूनच, गाडीतून दिसतो. खिंडीच्या माथ्यावर छोटा साको लेक. पुढे ब्रेटन वुड्सला रस्त्यावरूनच लाल छपराचं पांढरं हॉटेल आणि त्यामागे माउंट वॉशिंग्टन. १९४४ ची ती प्रसिद्ध चलनपरिषद इथेच झाली, सासरे बँकेत असतील तर फोटोला उतरतीलच. ट्विन माउंटनला रूट ३ ने डावीकडे, फ्रँकोनिया नॉचमधून आय-९३, एको लेकला शेवटचा चहा, साडेचारला दक्षिणेकडे. सात-सव्वासातला घरी.

लिंकन ते लिंकन हा फेरा ऐंशी-पंचाऐंशी मैलांचा, थांबे सोडून अडीच तासांच्या आत. एकूण दिवसाचे साडेतीनशे मैल धरा. इव्ही असेल तर जाताना हूकसेटला भरून घ्या.

कोकणकडा | ९ सप्टेंबर, रात्री ९:३०

नकाशेवाल्यांशी एका बाबतीत असहमत. सकाळी लिंकनहून पूर्वेला चढणं म्हणजे नऊ-दहाचं तिरपं ऊन थेट डोळ्यांत, आणि काच आतून धुरकट असली की वळणावर काही दिसत नाही. कॉन्वेहून पश्चिमेला निघालात तर सूर्य पाठीशी, समोरची झाडं पुढून उजळलेली. फोटो काढणाऱ्यांनी फेरा उलटा करावा.

नकाशेवाला | ९ सप्टेंबर, रात्री ९:५५

उजेडाचं बरोबर आहे. पण उलट्या फेऱ्यात कॉन्वेला पोचायला रूट १६ ने अडीच तास, आणि सॅबाडेला पोचेपर्यंत लिंकनकडून आलेली गर्दी तिथे बसलेली. घरचे ज्येष्ठ सोबत असताना मी पार्किंगला उजेडापेक्षा वर ठेवीन. काच आतून कोरड्या फडक्याने पुसा आणि गॉगल घाला, प्रश्न मिटला. कॉन्वेकडून जायचंच असेल आणि नॉर्थ कॉन्वे चुकवायचं असेल तर कॉन्वे गावातून वेस्ट साइड रोड धरा. तो साको नदीच्या पलीकडून ३०२ ला मिळतो.

चष्मिष | १० सप्टेंबर, सकाळी ६:४५

फोटोबद्दल थोडक्यात. पानांवर आकाशाचा पांढुरका चकाकता थर असतो, विशेषतः पावसानंतर. सर्क्युलर पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चकाकी कापणारा फिल्टर) फिरवला की तो निघतो आणि खालचा रंग येतो. निळ्या आकाशावरचा परिणाम सूर्याशी काटकोनात असताना सगळ्यात जास्त. पण एको लेकला पाण्यातलं प्रतिबिंब हवं असेल तर तोच फिल्टर प्रतिबिंब पुसतो, मागे फिरवा. वाइड लेन्सवर निळ्या आकाशात एका बाजूला काळा डाग दिसतो, तिथे काढूनच ठेवा.

व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगछटा ठरवणारी सेटिंग) ऑटोवर नको. कॅमेरा नारिंगी रंगाला 'जास्त पिवळं झालं' समजून थंड करतो. डेलाइट किंवा क्लाउडी.

आणि ढगाळ दिवस म्हणून सहल रद्द करू नका. जंगलाच्या आत आणि धबधब्यापाशी ढगाळ उजेडच चांगला. सॅबाडेला ऊन-सावलीचे चट्टे पडले की फोटो गेलाच. ट्रायपॉडवर अर्धा ते एक सेकंद दिला की पाणी रेशमी होतं. लांबचे डोंगर तेवढे उन्हात छान.

थर्मास | १० सप्टेंबर, सकाळी ९:२०

जेवण बरोबर न्या, ही विनंती नसून अट आहे. शाकाहारी असाल तर नक्कीच. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, दाण्याची चटणी. वाटीत कालवावं लागेल असं काही नको, टेबलं मिळतीलच असं नाही. थेपले-धपाटे फॉइलमध्ये गुंडाळून मग टॉवेलमध्ये गुंडाळले तर बारापर्यंत मऊ राहतात. चहा थर्मासात दूध घालून भरला की दुपारपर्यंत नासका वास येतो. कोरा चहा भरा, दूध वेगळं.

कँकवरची टॉयलेटं खड्ड्याची, पाणी नाही. कागद आणि सॅनिटायझर पिशवीत वर ठेवा. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा म्हणजे तिथे दारातून परत फिरायला नको.

सकाळी खिंडीत चाळिशीतलं फॅरनहाइट असतं, वारा वेगळा. दुपारी साठ. एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा तीन पातळ थर. कानटोपी दोन्ही ज्येष्ठांना, भले नाही म्हणोत.

लेकीला गाडी लागते का? कँकला खरी अवघड वळणं थोडीच, पण मागच्या सीटवर फोन बघत बसलं की पोट ढवळतंच. पोटात रिकामं नको, आलेपाक जवळ असू द्या. औषध द्यायचं तर बालरोगतज्ज्ञांना विचारून, आणि गाडी लागायच्या आधी. उलटी सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग नाही.

रानवाटा | १० सप्टेंबर, सकाळी १०:५०

लेक पानं गोळा करणार हे गृहीत धरून. पॉयझन आयव्हीसुद्धा (अंगाला लागली की खाज आणि पुरळ आणणारी वेल) फॉलमध्ये लालभडक होते आणि सगळ्यात आधी मुलांच्या डोळ्यांत भरते. तीन-तीन पानांचा झुबका, मधल्या पानाचा देठ लांब, बाजूची दोन जवळजवळ देठाविना. रस्त्याच्या कडेला, कुंपणावर, खोडावर चढलेली असते. खाली पडलेलं पानही त्रास देतं. नियम सोपा करा: मेपलचं पंज्यासारखं पान जमिनीवरून उचलायचं, वेलीचं काही नाही.

टिक्स (रक्त पिणाऱ्या गोचिडी) थंडी पडली म्हणून गेले असं समजू नका. मोठे टिक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चांगलेच हिंडतात. पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर घोटे, गुडघ्यामागे, कंबर बघा.

पानं ओली असताना वहीत दाबली की काळी पडतात. आधी टिपून, वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर जड पुस्तकं, पहिले दोन दिवस कागद बदला. आठवड्याभरात वाळतात.

चिंचोके | १० सप्टेंबर, दुपारी ३:१५

ते काउंटीनुसार रंग बदलणारे अंदाजाचे नकाशे फिरतात दरवर्षी, त्यावर किती विसंबावं?

कुसुंब | १० सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

उंटावरून शेळ्या हाकणं आहे ते. हवामानाच्या जुन्या आकड्यांवरून महिनाभर आधी काढलेलं गणित. एका काउंटीत पाचशे फूट आणि सहा हजार फूट दोन्ही आले तर एक रंग देऊन काय उपयोग? सुट्टी टाकायला आधार म्हणून ठीक.

त्यापेक्षा राज्याच्या पर्यटन खात्याचा फॉलिएज ट्रॅकर बघा, तो प्रत्यक्ष पाहणीवर चालतो आणि हंगामात अद्ययावत होत राहतो. त्याहून भरवशाचे कॅमेरे. माउंट वॉशिंग्टन ऑब्झर्व्हेटरीचे आणि स्की रिसॉर्टांचे वेबकॅम रोज सकाळी त्याच वेळी बघा. एकाच चौकटीत चार दिवसांचा फरक लगेच कळतो. रंगवलेले, फिल्टर मारलेले फोटो समाजमाध्यमांवर येतात त्यांची तारीख तपासा, निम्मे मागच्या वर्षीचे असतात.

जाईजुई | १० सप्टेंबर, रात्री ९:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. बेअर नॉचचा फेरा पक्का, फ्लूम रद्द. आणखी दोन शंका. उशीर झाला आणि वर सगळं गळून गेलं तर दुसरा पर्याय? आणि पार्किंगचे पैसे कसे भरायचे?

घाटवळण | १० सप्टेंबर, रात्री ९:४५

१२ ऑक्टोबरच्या पुढे गेलात तर उत्तरेचा हट्ट सोडा. मॅसॅच्युसेट्समध्येच रूट २ चा मोहॉक ट्रेल आणि माउंट ग्रेलॉक. ३,४९१ फूट, राज्यातलं सगळ्यात उंच ठिकाण, आणि माथ्यापर्यंत गाडीचा रस्ता. बाबांना चालावं लागणार नाही. बॉस्टनहून अडीच तास. खालच्या दऱ्यांतला रंग तेव्हा भरात असतो. त्याहून उशीर किंवा अर्धाच दिवस हातात असेल तर वाचुसेट, तासाभरावर.

नकाशेवाला | १० सप्टेंबर, रात्री १०:२०

कँक राष्ट्रीय वनात आहे. फीची पाटी असलेल्या थांब्यावर गाडीमागे दिवसाचे ५ डॉलर. लोखंडी खांबाशी पाकिटं असतात, त्यात रोख घालून पाकीट खाचेत टाका, फाडलेला तुकडा गाडीत समोर ठेवा. सुटे नेमके न्या, मोड द्यायला तिथे कुणी नसतं. तोच तुकडा त्या दिवशी बाकीच्या थांब्यांनाही चालतो, सॅबाडेला भरले की रॉकी गॉर्जला पुन्हा नाही. नॅशनल पार्कचा वार्षिक पास असेल तर तो पुरतो. फ्रँकोनिया नॉच मात्र राज्याचं उद्यान, तिथे हा पास दाखवून उपयोग नाही.

कोकणकडा | १० सप्टेंबर, रात्री १०:४०

उतारावर एक गोष्ट. खिंडीनंतर सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, जळका वास येईपर्यंत ब्रेक तापतात. गिअर खालचा लावा. ओल्या पानांचा थर असलेल्या वळणावर टायर बर्फासारखा सरकतो, वळणात शिरायच्या आधी वेग कमी करा. मागे रांग लागली तर पुढच्या ओव्हरलुकला आत घ्या आणि जाऊ द्या. पाहण्यासाठी मध्येच रस्त्यात थांबणारे हेच कँकवरच्या धडकांचं कारण असतात.

अंधार पडल्यावर ३०२ आणि रूट ३ वर मूसची (हरणाच्या कुळातलं, पण त्याहून खूप उंच जनावर) भीती. हरणाचे डोळे चमकतात, मूसचं डोकं हेडलाइटच्या वर राहतं, त्यामुळे डोळे चमकत नाहीत आणि काळपट अंग रस्त्यात मिसळून जातं. साडेचारला निघायचं वेळापत्रक पाळलंत तर त्या रस्त्यांवरून दिवसाउजेडीच बाहेर पडाल.

थर्मास | ११ सप्टेंबर, सकाळी ७:०५

एको लेकच्या चहासाठी लिहायचं राहिलं: तिथे पाण्याकाठी वारा असतो, कागदी पेले उडतात. स्टीलचे न्या.